वॉरन स्पान: युद्धात गेलेली तीन वर्षे आणि ३६३ विजय

मिलवॉकीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्या शेजारी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी ते ओसरीवर रेडिओ लावून बसतात. त्यावर ब्रूअर्स या इथल्या बेसबॉल संघाचा सामना चालू असतो, पण दोन-तीन इनिंग (डाव) झाल्या की त्यांचे बोलणे हमखास जुन्या मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाकडे, आणि त्यातही वॉरन स्पान या डावखुऱ्या पिचरकडे (बॅटरला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूकडे) वळते. लहानपणी त्यांनी काउंटी स्टेडियममध्ये स्पानला प्रत्यक्ष खेळताना पाहिले आहे, त्यामुळे या विषयात त्यांच्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. तरीही त्यांचे एक विधान काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

त्यांचे म्हणणे असे की, दुसरे महायुद्ध झाले नसते तर स्पानने चारशेहून अधिक सामने जिंकले असते. हिशेब वरवर सोपा आहे. स्पानच्या नावावर ३६३ विजय आहेत, आणि डावखुऱ्या पिचरांत हा आजही सर्वोच्च आकडा आहे. १९४३, १९४४ आणि १९४५ हे तीन हंगाम तो सैन्यात होता. वर्षाला पंधरा विजय धरले तरी पंचेचाळीस होतात, आणि बेरीज ४०८ वर जाते. चारशेचा पल्ला आजवर साय यंग आणि वॉल्टर जॉन्सन या दोघांनीच गाठला आहे, हे लक्षात घेतले की शेजाऱ्यांची हळहळ समजते.

माझी शंका वेगळी आहे. स्पानला पहिला विजय मिळाला तो वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १९४६ च्या जुलैमध्ये. आणि बेचाळीस वर्षांचा असताना, १९६३ च्या हंगामात, त्याने २३ सामने जिंकून फक्त ७ गमावले. इतक्या उशिरा उभा राहिलेला माणूस इतका काळ टिकतो, तेव्हा त्या टिकण्याचा आणि उशिराचा काही संबंध असेल का? युद्धाने त्याचे विजय हिरावून घेतले, की त्याचा खांदा राखून ठेवला?

माझा मुलगा इथल्या लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत) पिचिंग करतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ हून अधिक चेंडू टाकू देत नाहीत, आणि कुंपणाशी एक काकू हातात क्लिकर घेऊन प्रत्येक चेंडू मोजत असतात. ते पाहत असताना हा प्रश्न अधिकच टोचू लागला. मी बेसबॉल इथे आल्यावर शिकलो आहे, त्यामुळे जाणकारांनी जरा फोड करून सांगावे, ही विनंती.

टाचणकार

मिलवॉकीकर, प्रश्न चांगला आहे. माझ्या मते आपल्या शेजाऱ्यांचा हिशेब चुकतो तो 'वर्षाला पंधरा' या गृहीतकातच, कारण १९४२ चा स्पान आणि १९४७ चा स्पान हे दोन वेगळे पिचर आहेत, आणि त्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

स्पानचा जन्म २३ एप्रिल १९२१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातला. त्याला व्हायचे होते फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक), पण शाळेच्या संघात त्या जागी दुसरा चांगला मुलगा आधीपासून होता, म्हणून हा पिचिंगकडे वळला. बोस्टन ब्रेव्ह्जने (हाच संघ पुढे मिलवॉकीला आला) त्याला घेतले आणि खालच्या दर्जाच्या लीगमध्ये पाठवले. तिथे १९४० मध्ये हाताच्या दुखापतीने त्याला सतावले, पण १९४१ मध्ये एव्हान्सव्हिलकडून त्याने १९ सामने जिंकले व अवघे ६ गमावले. म्हणजे मुलगा होतकरू होता, यात वाद नाही.

१९४२ च्या वसंतात तो बोस्टनच्या मुख्य संघात आला, तेव्हा केसी स्टेंगल व्यवस्थापक होते. ब्रुकलिन डॉजर्सविरुद्धच्या सामन्यात स्टेंगलनी त्याला पी वी रीझ या बॅटरच्या अंगावर चेंडू टाकायला सांगितले. स्पानने चेंडू आत टाकले खरे, पण रीझला काही मारले नाही. या मुलाच्या अंगात धमक नाही, असे ठरवून स्टेंगलनी त्याची रवानगी खालच्या लीगमधल्या हार्टफर्डला केली. तिथे त्याने १७ सामने जिंकले, आणि क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे निघालेल्या धावा वगळता नऊ इनिंगमागे त्याच्याविरुद्ध सरासरी दोन धावाही निघाल्या नाहीत. आपल्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांपैकी ही एक, असे स्टेंगल पुढे स्वतःच कबूल करीत. पण मुद्दा असा की एकविसाव्या वर्षी बोस्टनच्या खात्यावर स्पानचे विजय शून्य आणि पराभवही शून्य होते. अशा मुलाने पुढच्याच वर्षी पंधरा सामने जिंकले असते, असे आपण कशाच्या जोरावर म्हणायचे?

त्यातून संघ कोणता, हेही पाहावे. १९४२ मध्ये ब्रेव्ह्ज सातव्या क्रमांकावर होते, आणि त्यानंतरची तिन्ही वर्षे आठ संघांत सहाव्या. पिचरच्या नावावर विजय लागतो तो त्याच्या संघाने धावा काढल्या तर, आणि हा संघ धावा काढण्याबद्दल प्रसिद्ध नव्हता.

आता युद्धाविषयी. स्पान २७६ व्या कॉम्बॅट इंजिनियर बटालियनमध्ये होता. इतर अनेक खेळाडूंना सैन्याच्या संघांतून प्रदर्शनीय सामने खेळण्याचे काम मिळाले, पण याच्या वाट्याला आले ते पूल बांधणे, सुरुंग काढणे आणि रस्ते मोकळे करणे. १९४४ च्या डिसेंबरात आर्डेनच्या बर्फातल्या लढाईत तो होता, आणि मार्च १९४५ मध्ये ऱ्हाईन नदीवरच्या रेमागेनच्या लुडेनडॉर्फ पुलावर. हा रेल्वेपूल ७ मार्चला अमेरिकी सैन्याच्या हाती जवळजवळ अखंड लागला. जर्मनांनी तोफा आणि विमाने लावून तो पाडण्याचा दहा दिवस प्रयत्न केला, आणि १७ मार्चला, दुरुस्ती चालू असतानाच, तो कोसळला. डागडुजी करणारे कितीतरी सैनिक त्याच्यासोबत नदीत गेले. स्पान त्या पुलावर काम करत होता, आणि पूल पडला त्याच्या थोडाच वेळ आधी तिथून उतरला होता. रेमागेनलाच त्याच्या पायात तोफगोळ्याचा तुकडा घुसला. त्याला पर्पल हार्ट हे जखमी सैनिकांना दिले जाणारे पदक मिळाले आणि रणांगणावरच सेकंड लेफ्टनंटचे पद मिळाले. गंमत अशी की, या बढतीमुळेच त्याची सुटका लांबली आणि १९४६ च्या हंगामाचा सुरुवातीचा भागही हातचा गेला. आपल्या शेजाऱ्यांना हिशेब वाढवायचाच असेल, तर ही अर्ध्या हंगामाची भर त्यांना सुचवून पाहावी!

चारशेचा प्रश्न स्पानला लोक आयुष्यभर विचारत राहिले. त्याच्या उत्तराचा आशय असा होता की, त्या तीन वर्षांत आपण पुष्कळ मोठे झालो, मेजर लीगच्या (सर्वोच्च दर्जाच्या लीगच्या) बॅटरना तोंड द्यायला बाविसाव्या वर्षापेक्षा पंचविसाव्या वर्षी अधिक तयार होतो, आणि चव्वेचाळीसपर्यंत खेळलो ते एरवी कदाचित जमले नसते. पुलावरच्या त्या दिवसांनंतर बेसबॉलमधले कोणतेही काम आपल्याला कष्टाचे वाटले नाही, असेही तो सांगे. ज्याची वर्षे गेली तोच असे म्हणतो, तर मी त्याच्या बाजूने आहे.

आकडेमोड

टाचणकार, माहिती उत्तम, पण निष्कर्ष मला पटत नाही. तीन वर्षे विश्रांती मिळाली म्हणून हात टिकला, हे ऐकायला गोड आहे. ते खरे असते, तर युद्धावरून परतलेल्या प्रत्येक पिचरचा हात टिकायला हवा होता.

स्पानच्याच संघातला जॉनी सेन पाहा. तोही १९४३ ते १९४५ ही तीनच वर्षे नौदलाच्या सेवेत होता. परतल्यावर त्याने १९४६ मध्ये २०, १९४७ मध्ये २१ आणि १९४८ मध्ये २४ सामने जिंकले, आणि त्या शेवटच्या वर्षी ३१४ हून अधिक इनिंग टाकल्या. १९४९ मध्ये खांदा गेला, आणि १० विजयांवर १७ पराभव झाले. त्यानंतर सेन पूर्वीचा सेन कधीच राहिला नाही, जरी पुढे न्यूयॉर्क यांकीजकडून दुय्यम भूमिकेत त्याने चांगले काम केले. १९४८ मध्ये बोस्टनच्या एका वार्ताहराने केलेली कविता प्रसिद्ध आहे: आज स्पान, उद्या सेन, आणि मग पावसाची प्रार्थना, कारण तिसरा भरवशाचा पिचर नाही. लोक ही कविता स्पानच्या थोरवीसाठी सांगतात, पण त्या वर्षी स्पानची कामगिरी १५ विजय आणि १२ पराभव इतकी साधारण होती. गाडा सेनने ओढला आणि मोडलाही सेनच. तीन वर्षे दोघांची सारखीच गेली होती.

दुसरे उदाहरण क्लीव्हलंडच्या बॉब फेलरचे. तेवीस वर्षांचा असताना, पर्ल हार्बरनंतर लगेचच, तो नौदलात दाखल झाला. तोपर्यंत त्याचे १०७ विजय झाले होते, आणि त्याआधीच्या सलग दोन हंगामांत त्याने अनुक्रमे ३२० आणि ३४३ इनिंग टाकल्या होत्या. जवळजवळ चार हंगाम गमावून परतल्यावर १९४६ मध्ये तो ३७१ इनिंग खेळला, ३४८ स्ट्राइकआउट केले (म्हणजे तीन स्ट्राइकवर बॅटर बाद केले), आणि त्यानंतर तो वेग हळूहळू ओसरत गेला. कारकिर्दीअखेर विजय २६६. युद्धाने फेलरचे शंभरेक विजय नेले, असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, कारण तो युद्धापूर्वीच सिद्ध झालेला पिचर होता. स्पानचे तसे नाही, इथपर्यंत टाचणकारांचे म्हणणे मला मान्य आहे.

आणि युद्धापायी मेजर लीगचा हंगाम न गमावलेल्यांचेही पाहावे. फिलाडेल्फियाचा रॉबिन रॉबर्ट्स १९५० ते १९५५ अशी सलग सहा वर्षे वीस किंवा अधिक सामने जिंकत राहिला आणि दरवर्षी तीनशेहून अधिक इनिंग टाकत राहिला. तिशीत पाऊल टाकले आणि वीस विजय पुन्हा कधी झाले नाहीत. रॉबर्ट्सचे एकूण पराभव २४५, आणि स्पानचेही बरोबर २४५. फरक आहे तो विजयांत: २८६ आणि ३६३.

तेव्हा प्रश्न 'युद्धाने काय दिले' हा नसून 'तिशीनंतर या माणसाने काय केले' हा आहे. आकडे मी स्वतः बेरीज करून पाहिले. १९५० च्या अखेरीस स्पानचे विजय होते ८६. तिसावा वाढदिवस झाला त्या १९५१ च्या हंगामापासून पुढे २७७. पस्तिसावे वर्ष लागले त्या १९५६ पासून १८०. चांगल्या पिचरच्या उभ्या जन्माची कमाई होईल, एवढे याने पस्तिशीनंतर कमावले. १९४७ ते १९६३ अशी सलग सतरा वर्षे, दरवर्षी किमान २४५ इनिंग. एका विश्रांतीने एवढे होत नाही.

जाता जाता, मिलवॉकीकर, 'विजय' या आकड्यावरच फार विसंबू नये. १९५२ मध्ये स्पानचे १४ विजय आणि १९ पराभव झाले, पण क्षेत्ररक्षकांच्या चुकांच्या धावा वगळता नऊ इनिंगमागे त्याने तीनपेक्षा कमी धावा दिल्या होत्या. त्या वर्षी जूनमध्ये शिकागो कब्जविरुद्ध त्याने पंधरा इनिंग टाकून १८ जणांना स्ट्राइकआउट केले, आपल्या संघाची एकमेव धाव स्वतःच्या होम रनने (चेंडू कुंपणापार मारून) मिळवली आणि सामना ३-१ असा हरला. पराभव लागला त्याच्याच नावावर. अशा संघासोबत तीन वर्षे जास्त मिळून काय मोठे साधले असते?

डावखोरा

दोघांचेही वाचले. 'तिशीनंतर काय केले' हा प्रश्न आकडेमोड यांनी बरोबर हेरला, पण उत्तर अर्धवट सोडले. स्पान तिशीनंतर वेगळा पिचर झाला, आणि ते त्याने समजून-उमजून केले.

सुरुवातीला त्याच्याकडे वेगवान फास्टबॉल आणि कर्व्ह होता. १९४९ ते १९५२ अशी चार वर्षे नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक स्ट्राइकआउट त्याचेच होते. पुढे वेग कमी होऊ लागला. बहुतेक पिचर या टप्प्यावर एक तर जोर लावून खांदा घालवतात किंवा निमूटपणे बाजूला होतात. स्पानने दोन नवे चेंडू शिकून घेतले, स्लायडर आणि स्क्रूबॉल.

स्क्रूबॉल म्हणजे काय, हे मिलवॉकीकरांसाठी जरा सविस्तर सांगतो. डावखुऱ्या पिचरचा नेहमीचा कर्व्ह उजव्या बॅटरच्या अंगाकडे वळतो, म्हणजे बॅटरला तो आयता पोटाशी येतो. म्हणूनच डावखुऱ्या पिचरसमोर उजव्या हाताचे बॅटर उतरवण्याची जुनी रीत आहे. ब्रुकलिन डॉजर्सकडे रॉबिन्सन, कॅम्पानेला, हॉजेस, फुरिलो, रीझ अशी उजव्या बॅटरांची फौज होती, आणि एबेट्स फील्डचे डावीकडचे कुंपण जवळ होते. त्यामुळे ब्रेव्ह्जचे व्यवस्थापक स्पानला तिथे उभे करणे शक्य तितके टाळत, आणि संघाच्या सर्वोत्तम पिचरवर ही नामुष्की वर्षानुवर्षे आली. स्क्रूबॉलमध्ये चेंडू सोडताना मनगट उलट्या दिशेने फिरते: अंगठा खाली जातो, तळहात बाहेरच्या बाजूला वळतो, आणि चेंडू उजव्या बॅटरपासून दूर पळतो. घरात रिकाम्या हाताने एकदा करून पाहा, कोपराच्या आतल्या बाजूला ताण जाणवेल. असा चेंडू चाळिशीला टेकलेल्या माणसाने आपले मुख्य शस्त्र करावे, आणि त्यावर हंगामामागून हंगाम काढावेत, हे मला आजही थक्क करणारे वाटते.

दुसरी गोष्ट त्याच्या फेकीच्या पद्धतीची. जुनी चित्रणे पाहिली तर प्रथम दिसतो तो त्याचा उजवा पाय: गुडघ्यातून दुमडत तो खांद्याच्याही वर जातो, पाठ मागे कलते, आणि त्या सगळ्या पसाऱ्याआड चेंडू धरलेला डावा हात दडून राहतो. बॅटरला चेंडू दिसतो तो अगदी शेवटच्या क्षणी, खांद्यावरून खाली येताना. पिचरपासून होम प्लेटपर्यंतच्या (बॅटरपुढच्या पाटीपर्यंतच्या) साठ फूट सहा इंचांच्या अंतरात एका नजरेचा उशीर फार मोठा असतो. शिवाय जोर सगळ्या शरीराचा लागतो, केवळ खांद्याचा नाही. फर्स्ट बेसवर थांबलेल्या धावकाला चकवून बाद करण्यातही तो इतका तरबेज होता की, धावक बेस सोडायला कचरत.

बॅटिंग म्हणजे वेळ साधणे आणि पिचिंग म्हणजे ती वेळ बिघडवणे, हे त्याचे सूत्र इथल्या प्रशिक्षकांच्या तोंडी अजून असते. तो असेही सांगे की, होम प्लेट सतरा इंच रुंद असली तरी मधले बारा इंच आपल्या उपयोगाचे नाहीत, आपण खेळतो ते दोन्ही कडांच्या अडीच-अडीच इंचांत. हे सूत्र वेगाचे नाही, नजरेचे आणि डोक्याचे आहे. म्हणून मला वाटते, युद्धाने त्याचा खांदा राखला की नाही हे कोणीच सांगू शकणार नाही, पण पंचविसाव्या वर्षी मैदानात परतणारा माणूस एकविसाव्या वर्षीच्या मुलापेक्षा डोके अधिक वापरतो, एवढे नक्की.

परिणाम पाहायचा तर १९५३ आणि १९६३ शेजारी-शेजारी ठेवा. १९५३ मध्ये २३ विजय, ७ पराभव. १९६३ मध्ये २३ विजय, ७ पराभव. मध्ये दहा वर्षे गेली, चेंडू बदलले, आणि हिशेब तोच राहिला. दोन्ही नो-हिटर (बॅटरना एकही यशस्वी फटका, म्हणजे हिट, मारू न देता पूर्ण केलेले सामने) त्याने टाकले ते याच उतारवयात: पहिला सप्टेंबर १९६० मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध, एकोणचाळिसाव्या वर्षी, आणि दुसरा २८ एप्रिल १९६१ ला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध, चाळिसाव्या वाढदिवसानंतर बरोबर पाच दिवसांनी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कब्जविरुद्ध तीनशेवा विजय आला.

आणि एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. बॅट हातात घेऊन त्याने कारकिर्दीत जेवढे हिट मारले, त्यांची संख्याही ३६३ च आहे. त्यांत ३५ होम रन.

मिलवॉकीकर

मनःपूर्वक आभार. सेन आणि रॉबर्ट्स यांचे दाखले मला माहीत नव्हते. २४५ पराभवांची जोडी तर शेजाऱ्यांना सांगायलाच हवी. एक उपप्रश्न: सॅन फ्रान्सिस्कोतल्या सोळा इनिंगच्या सामन्याविषयी ते नेहमी बोलतात, आणि बोलता बोलता दर वेळी गप्प होतात. तो सामना नेमका कसा झाला?

रविवारचा प्रेक्षक

गप्प होणारच. ब्रेव्ह्ज हरले होते.

२ जुलै १९६३, कॅन्डलस्टिक पार्क, रात्रीचा सामना. प्रेक्षक सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे मैदान अर्धेसुद्धा भरलेले नव्हते. एका बाजूला बेचाळीस वर्षांचा स्पान, दुसऱ्या बाजूला जायंट्सचा पंचवीस वर्षांचा ह्वान मारिशाल. योगायोगाने मारिशालही पाय उंच उचलून टाकणारा, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तेच चित्र दिसत होते. चौथ्या इनिंगमध्ये ब्रेव्ह्जची धाव होता होता राहिली, कारण मधल्या मैदानातून जायंट्सच्या विली मेजने थेट होम प्लेटवर फेक करून धावकाला बाद केले. सातव्या इनिंगमध्ये खुद्द स्पाननेच बॅट घेऊन उजवीकडच्या कुंपणावर डबल (दोन बेस मिळवून देणारा फटका) मारला, म्हणजे आणखी थोडा वर गेला असता तर पिचरनेच सामना जिंकला असता. नवव्या इनिंगमध्ये जायंट्सच्या विली मकोव्हीने चेंडू कुंपणापार मारला, पण पंचांनी तो फाउल (हद्दीबाहेरचा) ठरवला, आणि जायंट्सनी त्यावर बराच आरडाओरडा केला. नऊ इनिंग संपल्या तेव्हा दोन्ही बाजूंना शून्य.

त्यानंतर एकामागून एक इनिंग शून्यावर जात राहिल्या. जायंट्सचे व्यवस्थापक ॲल्विन डार्क मारिशालला थांबवायला निघाले होते, पण समोरचा म्हातारा टाकतो आहे तोवर मी हटणार नाही, असे मारिशालने सुनावल्याची कथा प्रसिद्ध आहे. चौदाव्या इनिंगमध्ये स्पानने मेजला मुद्दाम वॉक (फटक्याविना पहिला बेस) दिला. सबंध रात्रीत त्याने दिलेला तो एकमेव वॉक. सोळाव्या इनिंगच्या उत्तरार्धात, एक जण बाद झाल्यावर, मेज पुन्हा समोर आला. स्पानने स्क्रूबॉल टाकला, तो वळायला हवा तितका वळला नाही, आणि मेजने तो डावीकडच्या कुंपणापार धाडला. १-० असा सामना संपला. मध्यरात्र उलटून गेली होती, आणि खेळ चार तास दहा मिनिटे चालला होता. मारिशालचे चेंडू २२७ झाले होते, स्पानचे २०१. आपल्या लिटल लीगच्या काकूंच्या क्लिकरचे काय झाले असते, कोण जाणे.

याची मागची बाजूही सांगतो. १९५१ च्या मेमध्ये विली मेज नवखा होता, आणि पहिल्या बारा प्रयत्नांत त्याला एकही हिट मिळालेला नव्हता. त्याचा पहिला हिट हा होम रनच होता, आणि तो स्पानच्या चेंडूवर. त्याला त्या वेळी स्ट्राइकआउट केले असते तर पुढच्या कित्येक वर्षांची ब्याद टळली असती, असे स्पान नंतर चेष्टेने म्हणे. मेजने कारकिर्दीत त्याच्याविरुद्ध अठरा होम रन मारले.

डावखोरा यांच्या मुद्द्याला मात्र या सामन्याने एक गालबोट लागते, हे नोंदवतो. ज्या स्क्रूबॉलने दुसरे आयुष्य दिले, त्याच स्क्रूबॉलने ती रात्र घालवली. तरीही हंगाम २३-७ असाच संपला. पुढच्या वर्षी मात्र सगळे एकदम उतरले: १९६४ मध्ये ६ विजय, १३ पराभव. १९६५ मध्ये न्यूयॉर्क मेट्स आणि नंतर जायंट्स मिळून ७ आणि १६. मेट्सचे व्यवस्थापक होते तेच केसी स्टेंगल. मधल्या काळात यांकीजला सात वेळा जगज्जेते करून त्यांनी बुद्धिमान म्हणून लौकिक मिळवला होता, आणि मेट्सकडे आल्यावर तो पुन्हा पणाला लागला होता. स्टेंगल बुद्धिमान ठरण्याच्या आधी आणि नंतर, अशा दोन्ही वेळी त्यांच्या हाताखाली खेळलेला बहुधा मी एकटाच, असा विनोद स्पान करी. एवढ्यावरही तो थांबला नाही. १९६६ मध्ये मेक्सिकोत जाऊन खेळला, १९६७ मध्ये टल्साच्या संघाचा व्यवस्थापक असताना स्वतः माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभा राहिला, आणि त्या हट्टापायी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमची (सन्मान-दालनाची) निवड १९७३ पर्यंत लांबली.

आकडेमोड

एक दुरुस्ती. वर टाचणकारांनी १९४२ ची नोंद शून्य विजय, शून्य पराभव अशी दिली आहे ती बरोबर आहे, पण त्या वर्षी स्पानच्या नावावर एक पूर्ण सामना टाकल्याची नोंदही आहे, आणि पूर्ण सामना टाकूनही विजय नाही की पराभव नाही, हे कसे, असा प्रश्न काही जणांना पडेल.

सप्टेंबर १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्सविरुद्ध सामना होता. युद्धासाठी भंगार धातू गोळा करण्याची मोहीम चालू होती, आणि भंगार आणणाऱ्या मुलांना त्या दिवशी फुकट प्रवेश होता. आठव्या इनिंगमध्ये जायंट्स ५-२ ने पुढे असताना ही हजारो मुले मैदानात घुसली आणि काही केल्या बाहेर निघेनात. पंचांनी सामना ९-० असा बोस्टनला बहाल केला. स्पान हरत होता, पण पराभव लागला नाही, आणि संघ जिंकला तरी विजयही त्याच्या नावावर लागला नाही. त्यानंतरचा चेंडू त्याने मेजर लीगमध्ये टाकला तो थेट १९४६ मध्ये.

मिलवॉकीकर

काल संध्याकाळी हे सगळे शेजाऱ्यांना सांगितले. सेनचे त्यांना पाठ होते, रॉबर्ट्सच्या २४५ वर ते खूश झाले, आणि भंगाराच्या सामन्याची गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. मग थोडा विचार करून म्हणाले की, ती मुले मैदानात घुसली नसती तर त्याने तोही सामना फिरवला असता, म्हणजे ४०९.

रेडिओवर ब्रूअर्सची सहावी इनिंग चालू होती. त्यांनी आवाज वाढवला.